उष्टा घोट

मालनच्या गळ्याखाली घोट उतरेपर्यंत निवास पिसाळ आपला श्वास सोडत नसे. चमचा तिच्या ओठांशी न्यायचा, ओठ मिटले की दोन बोटं तिच्या गळ्यावर हलकेच टेकवायची आणि वाट बघायची. गळा वर उचलला जातो का? गेला. तिथंच थबकला. आता खाली येईल का? आला. मग तिच्या गळ्याभोवतीच्या कंठीवरचा मुगाच्या दाण्याएवढा दिवा हिरवा होई, आणि निवासच्या छातीत कोंडलेला वारा तेव्हा कुठं बाहेर पडे.

त्या सकाळी वाटी संपत आली होती. खिडकीतून कृष्णेच्या घाटावरची धुण्याची थपथप ऐकू येत होती. मालनचा अर्धा चेहरा हसत होता. उरलेला अर्धा पक्षाघातानं पुसून टाकला होता. निवासनं तळाचं दूध चमच्यात घेतलं, तिला दिलं, बोटं टेकवली.

दिवा लाल झाला.

ठसका लागला असता तर बरं झालं असतं. ठसका म्हणजे शरीरानं घातलेली आरोळी. पण झटक्यानं मालनचा ठसकाही नेला होता. तिच्या वाऱ्याच्या वाटेत दुधाचे थेंब शिरत होते आणि ती त्याच्याकडे बघत तशीच अर्धी हसत होती. बुडणारं माणूस हातपाय मारतं. ही हसत हसत बुडत होती, एका चमच्यात.

निवासनं तिला पुढं वाकवलं, पाठ थोपटली, तोंड पुसलं. 

हा दुसरा लाल. पहिला आला तेव्हा तिसऱ्या दिवशी ताप चढला होता आणि तिच्या छातीला कान लावला तर आत कुणीतरी वाळूतून चालल्यासारखी कुरकुर ऐकू येत होती. डॉक्टर म्हणाले होते, “या खेपेला निभावलं. सारखं सारखं निभावत नसतं.” आणि सरकारी योजनेचा नियम तर दारावरच्या पाटीसारखा स्पष्ट होता: एका हंगामात तीन लाल झाले की रुग्णाला घरी ठेवता येणार नाही. पुण्याच्या केंद्रात न्यायचं, पोटाला भोक पाडून नळी बसवायची, आणि तोंडावाटे पुढं काही म्हणजे काही द्यायचं नाही.

मालनला हे काहीच ठाऊक नव्हतं. तिनं नजरेनंच वाटीकडं खुणावलं. आणखी आहे का?

*

पातळ ते गिळायला सोपं, असं आपल्याला वाटतं. आहे उलटं. गळ्यात दोन वाटा असतात, एक अन्नाची, एक वाऱ्याची. घोट आला की वाऱ्याच्या वाटेवरचं झाकण पडतं आणि घोट बिनबोभाट अन्नाच्या वाटेला लागतो. झटका आलेल्या माणसाचं झाकण जरा उशिरा पडतं. पाणी चपळ, तेवढ्या उशिरात ते नको त्या वाटेनं निसटतं. पेज आळशी, ती पोचेपर्यंत झाकण पडलेलं असतं. म्हणजे अशा माणसाचा जीव द्रवाच्या आळसावर टांगलेला असतो.

या आळसाला पुस्तकात श्यानता म्हणतात. द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना किती कुरकुरतात, त्याचं ते माप. जडपणाशी त्याचं नातं नाही. एरंडेल पाण्यावर तरंगतं म्हणजे ते हलकं. पण बाटली उताणी करा, पाणी धावत सुटेल आणि एरंडेल रेंगाळत बसेल.

निवासची सगळी नोकरी या रेंगाळण्यात गेली होती. वंगणतेलाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. तेल वाहतं कसं ते बघायचं, आकडा लिहायचा, पुढचं तेल घ्यायचं. “आयुष्यभर तेल ओतलं,” असं मालन बोलती असताना म्हणायची, “पण जिभेला कधी लागलं नाही.” निवृत्तीनंतर बायकोचा घोट आपल्याला मोजावा लागेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मोजत होतं खरं तर यंत्र. त्याचं नाव लांबलचक होतं. लोक त्याला घुटकी म्हणत. मिक्सरएवढं. त्यात चहा घाला, दूध घाला, आमटीचं वरचं पाणी घाला. ते आपली पांढरी पूड सोडून हव्या त्या दाटपणाचं करून द्यायचं. कंठी घुटकीशी बोलायची. आज गळा दमलाय, जरा दाट दे; आज ताजा आहे, जरा सैल दे. खरी करामत पुडीत होती. पूड साबुदाण्याच्या कंदातल्या पिष्टाची, म्हणजे स्टार्चचीच. पण जुन्या पुडी ढवळलं की पातळ व्हायच्या, गार झालं की गोळा व्हायच्या. या नव्या पुडीतल्या रेणूंच्या लांब साखळ्यांना अशी काही वेणी घातली होती की ढवळा, तापवा, निववा, दाटपणा ढळत नसे. ती आली आणि पोटाच्या नळ्या लावून पडलेली कितीतरी माणसं घरी परतली. मालनही परतली.

दवाखान्यात नर्सबाई एकेक घोट कागदी चमच्यातून द्यायच्या आणि चमचा टाकून द्यायच्या. घरी आल्यावर निवासनं मालनच्या माहेरची काशाची वाटी काढली आणि तिचा आवडता लांब दांड्याचा चमचा. आपल्या माणसाला कागदाच्या चमच्यानं कोण भरवतं?

पण पहिल्याच दिवशी मालननं तोंड मिटून घेतलं. दूध पुढं केलं की मान फिरवायची. निवास काकुळतीला आला. मालनचं बोलणं गेलं होतं. ‘पाणी’ म्हणायला जायची आणि ‘पा, पा’ करत रडायची. पण गाणं राहिलं होतं. मेंदूत बोलण्याचं घर एका आळीत आणि गाण्याचं दुसऱ्या. एका आळीत आग लागली, दुसरी वाचली. ती मालन मान फिरवून एकाएकी गायला लागली, आणि गायली तो लग्नातला उखाणा:

*कृष्णेच्या वाळूवर उमटला ठसा,*
*निवासरावांचा घोट आधी, मग ओला माझा घसा.*

निवासला रडू आणि हसू एकदम आलं. अडतीस वर्षांपूर्वी मांडवात दुधाचा पेला फिरला तेव्हा तिनं हा जागच्या जागी जुळवला होता. सकाळीच त्याची उष्टी हळद तिला लागली होती आणि बायका म्हणत होत्या, आता सगळं उष्टंच गं बाई. तेव्हापासून घरात चहा आला की पहिला घोट त्यानं घ्यायचा, मग त्याच कपातून तिनं. भांडण झालं की ती स्वतंत्र कप घ्यायची. त्यावरून त्याला कळायचं, आज काहीतरी चुकलंय.

म्हणून त्यानं चमच्यातलं अर्धं दूध प्यायलं, चमचा वाटीत बुडवला आणि तिला दिला. तिनं तोंड उघडलं. तेव्हापासून रोज हेच. मधूनच ती भुवई उचलायची, मग तो आणखी एक घोट घ्यायचा. वाटी दोघांची व्हायची.

*

दुसरा लाल झाल्यावर तासाभरात नाशिकहून मुलीचा फोन आला. कंठीमुळं स्वरूपाला आईचा प्रत्येक घोट तिथं फोनवर दिसायचा.

“अण्णा, मी आकडे घेऊन बसलेय. दवाखान्यानं सांगितलं दाटपणा चार. पुडीच्या डब्यावर छापलंय पॉइंट चार. मशिनच्या पडद्यावर चारशे. तुम्ही यातलं नक्की कुठलं लावताय?”

“तिन्ही एकच आहेत बाळा.”

“चार आणि चारशे एकच?”

“तू फुटात पाच आणि इंचात साठ. इंचात मोजलं म्हणून तू ताडाएवढी झालीस का?” निवासला या एका विषयात दम लागत नसे. “डॉक्टर जुन्या वळणाचे, ते पॉइजमध्ये सांगतात. चार पॉइज. एका पॉइजचे शंभर सेंटिपॉइज, म्हणजे चारशे. सेंटिपॉइज म्हण नाहीतर मिलिपास्कल-सेकंद म्हण, दोन नावांचा एकच माणूस. मशिन तोच दाखवतं. हजार मिलिपास्कल-सेकंदांचा एक पास्कल-सेकंद. चारशेला हजारानं भाग. किती आले?”

“पॉइंट चार.”

“आणि साधं पाणी एक सेंटिपॉइजचं. म्हणजे तुझ्या आईचं दूध पाण्याच्या चारशेपट आळशी. डबाही खरा, मशिनही खरं, डॉक्टरही खरे.”



“सगळेच खरे, तर आई का बुडतेय अण्णा?”

निवासनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“केंद्रात देऊ या तिला,” स्वरूपा हळूच म्हणाली. “तिथं धोका नाही.”

“तिथं तोंडात काहीच नाही. ना चहा, ना दुधाची साय.”

“जिवापेक्षा साय मोठी आहे का? अण्णा, रागावू नका. पण काही झालं तर ते तुमच्या हातून व्हायला नको, एवढंच मला वाटतं.”

फोन ठेवल्यावर निवास आपल्या हातांकडं बघत राहिला. वाक्य साधंच होतं. पण ते माशाच्या काट्यासारखं गळ्यात रुतून बसलं.

*

दुपारी तन्वीर मुल्ला आला. योजनेचा तंत्रज्ञ, तालुक्यातल्या सगळ्या घुटक्या तोच बघायचा. दारातूनच ओरडला, “काकू! नाव घेतल्याशिवाय आत येत नाही हां मी.”

मालन खुलली. तिनं ठसा-घसा गायलं, तन्वीरनं टाळ्या वाजवल्या. मग त्यानं यंत्र उघडलं, साफ केलं, आपल्या पेटीतल्या मापकानं तपासलं, आणि निवासला अंगणात घेऊन गेला. तिथं त्याचा चेहरा बदलला.

“मशिन ठणठणीत आहे काका. चारशे म्हणजे चारशे. आता वरून मला एकच प्रश्न येणार: घरात कोण छेडछाड करतं?”

“मी? मी छेडछाड करीन?”

“तुम्ही नाही, ठाऊक आहे मला. म्हणून तर डोकं चालेना.” तन्वीरनं आवाज उतरवला. “एक सांगतो, कुणाला बोलू नका. तालुक्यात एवढे लाल झाले, मी घरं जुळवून बघितली. मेणवलीला एक म्हातारा आहे, त्याचा पोरगा घोट पुढ्यात ठेवतो आणि निघून जातो. त्याला एकही लाल नाही! आणि पसरणीची एक आई आहे, आपल्या पोराला मांडीवर घेऊन भरवते. तिच्या पोराला तीन झाले. गेल्या आठवड्यात मीच त्याला गाडीत घातलं, काका. जिथं माया जास्त, तिथं लाल जास्त. हे कसलं गणित?”

“मग वरचे काय म्हणतात?”

“वरच्यांचं गणित सोपं. घर हेच धोक्याचं. घरं बंद करा.” त्यानं पायानं माती उकरली. “उद्या सकाळी मला इथं बसून घोट बघायचाय. लाल झाला तर... गाडी बरोबरच आणायला सांगितलीय मला.”

 आत मालन गुणगुणत होती, स्वतःशीच, अर्ध्या ओठांनी:

*दुधाच्या वाटीला गं साय धरली काठाला,*
*असा कसा बाई घोट माझ्या अडला कंठाला...*

*

तन्वीर गेला, मालनचा डोळा लागला, आणि निवासनं माळ्यावरून आपला पितळी पेला काढला. निवृत्तीला साहेबांनी दिलेला. तळाला बारीक भोक असलेला, मापाचा. द्रव भरायचा, बोट काढायचं, धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. घुटकीतून ताजं दूध घेऊन त्यानं तेच केलं. हिशेब आला: तीनशे ऐंशी.

 यंत्र चारशे म्हणतं. वीस गेले कुठं?

दोन मिनिटं तो घामाघूम होऊन बसला. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. हा पेला सेंटिस्टोकचा! भोकातून द्रव पडतो तो स्वतःच्याच वजनानं ओढला जाऊन. म्हणून पेला सांगतो तो आळस वजनानं भागलेला असतो. घनतेनं गुणल्याशिवाय त्याचे सेंटिपॉइज होत नाहीत. पूड घातलेल्या दुधाची घनता पाण्याहून थोडी जास्त, एक पूर्णांक शून्य पाच. तीनशे ऐंशीला त्यानं गुणलं. तीनशे नव्व्याण्णव. नोकरीभर पोरांना शिकवलेली गोष्ट भीतीनं दोन मिनिटांत पुसली होती.

म्हणजे यंत्र खरंच खरं. त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच त्याला कळलं, यात सुटका काही नाही. यंत्र खोटं असतं तर बदलता आलं असतं.

मोरीत सकाळची काशाची वाटी तशीच पडली होती. तळाला दोन घोट दूध. निवासनं ती उचलली, आणि सहज, हाताच्या सवयीनं, तिरकी केली.

दूध धावलं.

रेंगाळलं नाही, ओघळलं नाही. पाण्यासारखं धावलं आणि मोरीत पडलं.

सकाळपासून पडून राहिल्यानं झालं असेल? त्यानं दुसऱ्या वाटीत ताजं दूध घेतलं, तसंच ठेवलं, गार होऊ दिलं, चमच्यानं खळखळून ढवळलं. दाट ते दाटच. मग फरक कशात आहे? लाल नेहमी येतो वाटीच्या तळाशी, शेवटच्या घोटांना. म्हणजे भरवता भरवता काहीतरी होतं. काय होतं? ‘चल, रोज करतो तेच करून बघू,’ तो स्वतःला म्हणाला. चमचा भरला. अर्धा घोट स्वतः घेतला. चमचा वाटीत बुडवला. समोर मालन आहे असं धरून रिकाम्या हवेत चमचा नेला, परत आणला. आणखी एक घोट घेतला. परत बुडवला.

आणि बघत राहिला.

आधी चमच्याभोवती एक ओलसर वर्तुळ दिसलं. ते पसरलं. चमचा उचलला की मघाशी जाड दोरी लोंबत होती, आता सुतळी. मग दोरा. मग थेंब, टपटप टपटप, सुटे, चपळ, पाण्याचे थेंब.

भाकरीचा घास तोंडात धरून चावत राहिलं की गोड लागायला लागतो, हे त्याला शाळेत सांगितलं होतं. लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं. ते पिष्टाच्या साखळ्या कातरतं आणि साखर करतं. त्यासाठीच ते असतं. पुडीच्या साखळ्यांना कसलीही वेणी घाला, ढवळण्यानं सुटू नये अशी, उन्हानं सुटू नये अशी. माणसाच्या थुंकीपुढं तिची मात्रा चालत नव्हती. लांबच्या कुठल्या दवाखान्यात जिथं ही पूड तपासली, तिथं प्रत्येक घोटाला नवा कागदी चमचा होता. वाटीत परत जाणारा चमचा त्यांनी पाहिलाच नव्हता. आईनं चटका बसू नये म्हणून आधी आपल्या जिभेला लावून पाहिलेला घास त्यांनी पाहिला नव्हता. मेणवलीच्या त्या पोराचं बापावर प्रेम नव्हतं, म्हणून बाप जिवंत होता.

प्रयोगशाळेत शिकाऊ पोरांना निवास पहिल्या दिवशी एक गोष्ट बजावायचा: नमुन्याला हात लावायचा नाही. हात काय, फुंकरसुद्धा नाही. आणि घरी येऊन त्यानं नमुन्याला तोंड लावलं होतं. रोज. मायेनं.

 पुढं कितीतरी वेळ तो मोरीशी उकिडवा बसून चूळ भरत होता, जणू लाळ धुऊन निघते.

मग त्यानं तन्वीरला फोन लावला. तन्वीर शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, “या अल्ला. काका, पसरणीचं पोर...”  सावरल्यावर म्हणाला, “वर कळवतो. पण ते तपासल्याशिवाय मान्य करणार नाहीत. उद्याचं रद्द होत नाही. मी आता आधी घराघरांत फोन करतो. तुम्ही काकूंना सांभाळा. आपलं तोंड नको, आणि त्यांच्या तोंडातला चमचाही परत वाटीत नको.”

सोपं होतं. एवढं सोपं, की निवासला क्षणभर वाटलं, आपण वाचलो.

त्या संध्याकाळी त्यानं वाटीला तोंड न लावता चमचा पुढं केला. मालननं मान फिरवली.

*

सकाळी तन्वीर आला तोवर मालनच्या पोटात रात्रभर थेंब गेला नव्हता. ओठांवर पापुद्रे आले होते. गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी होती, इंजिन चालू.

टेबलावर निवासनं चमचे मांडले होते. घरातले, शेजारच्या घरांतून मागून आणलेले. चहाचे, चटणीचे, एक बाळाचा. प्रत्येक घोटाला वेगळा.

“एवढ्या चमच्यांत तर कोकम सरबताचं दुकान चालेल,” तन्वीर म्हणाला. कुणी हसलं नाही, तोही नाही.

“घे गं,” निवास म्हणाला. “मालन, घे.”

मालननं त्याच्याकडं बघितलं. कोरड्या आवाजात, तुटत तुटत, तिनं गायलं, “*निवासरावांचा... घोट आधी...*”

निवासनं रिकामा चमचा ओठांना लावला, गळा हलवला, मोठ्यानं ‘आहा’ केलं. नाटक. मालननं ते बघितलं. अडतीस वर्षं ज्या गळ्याकडं बघत चहा प्यायली, त्यातून घोट उतरला की नाही हे तिला कंठीनं सांगावं लागत नव्हतं. तिनं तोंड घट्ट मिटलं. आणि डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या लक्षात आलं, तिला वाटतंय, नवऱ्याला आता आपली किळस येते. आपण आजारी, लाळ गाळणारी; म्हणून तो स्वतंत्र कप घेतोय.

“तसं नाही गं!” तो ओरडला. “देवाशप्पथ तसं नाही!”

बाहेरचं इंजिन घरघरत होतं. तन्वीर घड्याळाकडं बघत नव्हता, त्यावरूनच कळत होतं की वेळ होत आलीय.

निवासनं दोन वाट्या तिच्या मांडीवरच्या पाटावर ठेवल्या. दोन्हींत दाट दूध. एक वाटी तिरकी करून दाखवली: दूध जागचं हलायला तयार नव्हतं. दुसरीतलं चमचाभर तोंडात घेतलं, तोंडात घोळवलं, आणि तो चमचा वाटीत फिरवला. एकदा. पुन्हा तोंडात, पुन्हा वाटीत.

“बघ आता.”

तिघंही बघत होते. वर्तुळ पसरलं. दोरीची सुतळी झाली, सुतळीचा दोरा. निवासनं वाटी कलती केली आणि पाण्यासारखं दूध पाटावर सांडून तिच्या लुगड्याच्या काठापर्यंत धावत गेलं.

“हे मी करत होतो,” तो म्हणाला. “हे रोज तुझ्या छातीत जात होतं. मी घालत होतो, मालन. माझ्या हातानं.”

मालन सांडलेल्या दुधाकडं बघत राहिली. मग त्याच्या तोंडाकडं. मग परत दुधाकडं. तिला किती कळलं कुणास ठाऊक. पण तिच्या चालत्या हाताची बोटं हळूच स्वतःच्या छातीवर गेली, तिथं जिथं वाळू कुरकुरायची, आणि तिचे डोळे मोठे झाले. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच भीती वाटली. निवासनं ती भीती चेहऱ्यावर उमटताना पाहिली आणि त्याला वाटलं, हिला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

तिनं तोंड उघडलं.

पहिला चमचा. बोटं गळ्यावर. वर गेला, थबकला. बाहेर इंजिन बंद पडल्यासारखं वाटलं. बंद पडलं नव्हतं, कुणाला ऐकू येत नव्हतं. उतरला. हिरवा.

चमचा बाजूला. दुसरा चमचा. हिरवा. तिसरा. चटणीचा चमचा, बाळाचा चमचा. चमचे संपत आले, वाटी संपत आली. आता तळ, जिथं लाल दबा धरून बसायचा. निवासनं बोटं तिच्या गळ्यावर टेकवली. तळाचा घोट वर गेला. थबकला. फार वेळ थबकला.

हिरवा.

 तन्वीर दाराशी गेला आणि त्यानं गाडीला हातानं खूण केली, जा म्हणून. गाडी थोडी रेंगाळली आणि गेली.

मालननं निवासच्या मनगटाला हात घातला. बाजूला टाकलेल्या चमच्यांपैकी एक उचलला, तिच्या तोंडातला, दूध लागलेला, आणि त्याच्या ओठांपुढं धरला. अर्धा चेहरा हसला. आता उलट. आधी माझं, मग तुमचं. तो चमचा वाटीत परत जाणार नव्हता. तो कुठंही जाऊ शकत होता.

“काका, घ्या की,” तन्वीर डोळे पुसत म्हणाला. “काकूंनी नवा कायदा केलाय.”

निवास हसला. हसता हसताच त्यानं चमचा तोंडात घेतला, कालपासून कोरडा पडलेला गळा वर उचलला, आणि त्याला ठसका लागला.

साधाच ठसका. पण तो थांबेना. एक, मग दुसरा, मग छातीच्या तळातून उपटून यावा तसा. डोळे लाल झाले, हात टेबलावर आपटला, चमचे खणखणत खाली पडले. तन्वीर धावत आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. “काका, पाणी, घोटभर पाणी घ्या!”

मालनचा चालता हात एवढ्या जोरात पुढं आला की तांब्या तन्वीरच्या हातातून उडाला. पाणी सगळीकडं धावलं.

तिनं निवासला आपल्याकडं ओढलं, पुढं वाकवलं, जसा तो तिला वाकवायचा. दोन बोटं त्याच्या उघड्या गळ्यावर टेकवली, आणि वाट बघत राहिली. तिचा श्वास थांबला होता. त्याच्या गळ्यात कंठी नव्हती. हिरवा की लाल, हे तिला सांगणारं घरात काहीच नव्हतं.

अडतीस वर्षांत तिनं ते नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. झटक्यानंतर तर साधं ‘पाणी’सुद्धा तिला जुळलं नव्हतं.

“निवास,” मालन म्हणाली.